वणव्यातील वाहनदाह आणि कारणमीमांसेचा प्रश्न : सातारा-सांगलीच्या अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

गोषवारा

मोठ्या वणव्यानंतर वाहनांचे केवळ सांगाडे उरतात, चाकांतील ॲल्युमिनियम वितळून जमिनीवर ओघळते आणि शेजारची झाडे मात्र उभी असतात. या विसंगत वाटणाऱ्या दृश्यावरून ‘ही साधी आग नव्हे’ असा युक्तिवाद गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर मांडला गेला आहे. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची, तसेच त्याला दिल्या जाणाऱ्या प्रचलित उत्तराचीही चिकित्सा केली आहे. दोन्ही बाजू केवळ तापमानाची तुलना करतात आणि इंधनभार व कालावधी या दोन घटकांकडे दुर्लक्ष करतात, असे येथे प्रतिपादन केले आहे. वणवा वाहनाला पेटवतो. वितळवण्याचे काम वाहनातील इंधनच करते, हा या लेखाचा निष्कर्ष होय.

बीजसंज्ञा : वणवा, वाहनदाह, इंधनभार, कालावधी, कारणमीमांसा, पाचट, जाळरेषा.

१. प्रास्ताविक

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरउतार पावसाळ्यात हिरवेगार असतात आणि माघ-फाल्गुनात तेच उतार वाळलेल्या गवताने पिवळे पडतात. यवतेश्वरचा घाट, कास-बामणोलीचा रस्ता, सज्जनगड-ठोसेघरचा परिसर, चाळकेवाडीचे पठार येथे फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत रात्री डोंगरावर आगीची रांग दिसणे ही दुर्दैवाने नित्याची बाब झाली आहे. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर, दंडोबा आणि शिराळा तालुक्यातील चांदोलीकडील डोंगर यांची स्थिती फारशी वेगळी नाही. याच भागातून जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची संख्या वाढते आहे. त्यामुळे वणवा आणि वाहन यांचा संबंध हा आपल्यासाठी दूरदेशीचा विषय राहिलेला नाही.

तथापि या विषयाची चर्चा आपल्याकडे परदेशातील छायाचित्रांच्या मार्गाने आली. कॅलिफोर्नियातील पॅराडाइझ या गावाचा २०१८ मधील विध्वंस आणि हवाई बेटांतील लाहायना शहराचा ऑगस्ट २०२३ मधील विध्वंस यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून सर्वदूर पोहोचली. वर्गातील विद्यार्थी ती दाखवून विचारतात, ‘सर, चाक वितळले आणि झाड उभे राहिले, हे कसे?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे शिक्षकाला शोभत नाही. त्याचे नेमके उत्तर देणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. वादाचे स्वरूप

या वादातील पहिला पक्ष असा युक्तिवाद करतो : ॲल्युमिनियम वितळण्यास सुमारे ६६० अंश सेल्सिअस तापमान लागते. गवताची वा लाकडाची आग इतकी तीव्र नसते. तशी ती असती तर झाडे आधी जळाली असती. ज्याअर्थी झाडे उभी आहेत आणि धातू वितळला आहे, त्याअर्थी येथे एखादे ऊर्जाकिरणांचे शस्त्र वापरले गेले असावे.

दुसरा पक्ष त्यावर उत्तर देतो की वणव्याच्या ज्वाळेचे तापमान ८०० ते १००० अंशांपर्यंत सहज जाते; म्हणून ॲल्युमिनियम वितळले यात नवल नाही. हे विधान खरे असले तरी उत्तर म्हणून ते अपुरे आहे. ज्वाळा इतकी तप्त असेल तर तिच्यातून झाड कसे वाचले, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. उलट तो अधिक तीव्र होतो. शंका घेणाऱ्याचे समाधान न होण्याचे कारण येथेच आहे. त्याचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्याने दाखवलेली विसंगती या उत्तरात दुर्लक्षित राहते.

३. तापमान, उष्णता आणि कालावधी

तापमान आणि उष्णता यांतील भेद आपण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. परंतु प्रत्यक्ष चर्चेत तो विसरला जातो. काडेपेटीतील काडीची ज्वाळा ॲल्युमिनियमच्या वितळणबिंदूपेक्षा पुष्कळ अधिक तप्त असते, म्हणून तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातेले वितळत नाही. धातू वितळण्यासाठी पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ त्याच्यात शिरावी लागते.

वणव्याच्या अभ्यासात ही जाण जुनी आहे. अमेरिकन अभ्यासक बायरम यांनी १९५९ मध्ये वणव्याच्या तीव्रतेचे जे सूत्र मांडले, त्यात इंधनाचे उष्मांकमूल्य, क्षेत्रफळाच्या एककावरील इंधनाचे वजन आणि आग पुढे सरकण्याचा वेग यांचा गुणाकार आहे. त्यात तापमानाला स्वतंत्र स्थान नाही, ही बाब लक्षणीय आहे.

डोंगरावरील वाळलेल्या गवताची आग एका जागी जेमतेम दहा-वीस सेकंद टिकते आणि पुढे सरकते. हेक्टरी तीन टन वाळलेले गवत धरले, तर एका चौरस मीटरवर ३०० ग्रॅम गवत होते. गवताचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे १७ मेगाज्यूल आहे. म्हणजे एका चौरस मीटरवरून सुमारे ५ मेगाज्यूल आणि एका मोटारीखालील सात चौरस मीटर जागेतून सुमारे ३५ मेगाज्यूल उष्णता निघेल. तिच्यातील बराचसा भाग वाऱ्याबरोबर वर निघून जाईल. केवळ या गवताने मोटारीचे चाक वितळणार नाही, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे येथपर्यंत आपण मान्य केले पाहिजे.

४. वाहन हेच इंधनाचे कोठार

पहिल्या पक्षाची चूक पुढच्या पायरीवर होते. चाक वितळवणारी आग म्हणजे गवताचीच आग, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात गवताची आग निघून गेल्यावर दुसरी आग सुरू झालेली असते आणि ती वाहनाची असते.

आधुनिक मोटारीत बंपर, डॅशबोर्ड, चाकांवरील आतील आच्छादने, तारांवरील वेष्टने हे सारे प्लास्टिकचे असते. आसनांत फोम असतो. टायर रबराचे असतात. टाकीत पेट्रोल वा डिझेल असते. पेट्रोलचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे ४४ मेगाज्यूल, टायरच्या रबराचे सुमारे ३० मेगाज्यूल आहे. साध्या प्रवासी मोटारीतील ज्वलनशील पदार्थांची एकत्रित उष्णता काही हजार मेगाज्यूल भरते. तिच्याखालील गवताची ३५ मेगाज्यूल उष्णता या मानाने शेकडा एक इतकीही नसते.

केवळ चाकाचा हिशेब अधिक बोलका आहे. आठ किलो वजनाचे अलॉय व्हील घेतले तर ते तापवून पूर्ण वितळवण्यास किलोमागे साधारण एक मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता लागते. त्याच चाकाला वेढून बसलेल्या आठ किलोच्या टायरमध्ये २०० मेगाज्यूलहून अधिक उष्णता साठवलेली असते. टायर पेटल्यावर त्यातील विसाव्या हिश्श्याइतकी उष्णता जरी धातूत शिरली तरी चाक वितळू शकते. शिवाय चाकासाठी वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू शुद्ध ॲल्युमिनियमच्या आधीच, ६०० अंशांच्या आसपास, मऊ होऊन पाझरू लागतो. टायर एकदा पेटला की दीर्घकाळ जळतो, हे कोणत्याही आंदोलनात रस्त्यावर टायर जळताना पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वाहन पेटण्यास मोठ्या ज्वाळेचीही आवश्यकता नसते. पुढील काचेच्या तळाशी आणि बॉनेटच्या फटीत साचलेला पाचोळा, चाकावरील प्लास्टिकचे आच्छादन अथवा बंपरखालचे गवत, यांपैकी एकावर वाऱ्याने उडून आलेली ठिणगी पुरेशी ठरते. लगतचे घर पेटले असेल तर त्याच्या झळीनेही वाहन पेटते. नंतर वाहनावरून वाहनावर आग जाते. ब्रिटनमधील लिव्हरपूल येथे ३१ डिसेंबर २०१७ रोजी एका बहुमजली वाहनतळात हजाराहून अधिक मोटारी जळाल्या. तेथे गवत नव्हते, झाड नव्हते, वणवाही नव्हता; होत्या त्या केवळ शेजारी शेजारी लावलेल्या मोटारी.

आपल्या शेजारच्या राज्यातील उदाहरण याहून जवळचे आहे. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूजवळील येलहंका हवाई तळावर ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाच्या वेळी खुल्या वाहनतळात आग लागून सुमारे तीनशे मोटारी भस्मसात झाल्या. मैदानावर वाळलेले गवत होते आणि वारा वाहत होता. ठिणगी कशाची, याविषयी सिगारेट अथवा तापलेला सायलेन्सर अशा शक्यता त्या वेळी मांडल्या गेल्या. आपल्या डोंगरांवर असते तसेच ते फेब्रुवारीतील गवत होते, ही बाब आपण ध्यानात घ्यावी.

५. झाड उभे का राहते?

या प्रश्नाचे उत्तर सांगली जिल्ह्यातील कोणताही ऊसकरी देऊ शकेल. उसाचा फड पेटतो तेव्हा वाळलेले पाचट काही मिनिटांत जळून जाते; पण ऊस काळवंडून उभाच राहतो. तो तोडला जातो आणि ‘जळीत ऊस’ म्हणून कारखान्याला जातो. उसाच्या कांड्यात शेकडा सत्तरच्या आसपास पाणी असते. ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यास प्रतिकिलो सव्वादोन मेगाज्यूलहून अधिक उष्णता लागते. पाचटाची आग तेवढा वेळ थांबत नाही.

झाडाचेही असेच आहे. जिवंत पानांत आणि खोडात पाणी असते, जाड साल उष्णता आत जाऊ देत नाही आणि आग खालच्या गवतातून वेगाने निघून जाते. पठारावरील अंजन, हिरडा यांसारखी झाडे अशा आगीनंतरही उभी दिसतात. मात्र उभे असणे म्हणजे जिवंत असणे नव्हे. सालीखालील वाढीचा थर सुमारे ६० अंश तापमानालाच मरतो. वणव्यानंतर उभे दिसणारे झाड पुढील वर्ष-दोन वर्षांत वाळून जाते, हे वनखात्यातील कोणीही सांगेल. छायाचित्र आगीनंतरच्या एका क्षणाचे असते आणि झाडाचा मृत्यू त्यानंतर होतो.

घरांच्या बाबतीत ही विसंगती बऱ्याच आधी नोंदवली गेली आहे. मे २००० मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे वणव्यात दोनशेहून अधिक घरे नष्ट झाली. तेथे पाहणी करणारे वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांना जळून गेलेल्या घरांच्या आसपास न जळलेली झाडेझुडपे आढळली. वणव्याची भिंत येऊन घरे गिळते असे घडलेले नसून, ठिणग्या आणि जमिनीलगतची किरकोळ आग यांनी घरे पेटली आणि मग ती स्वतःच्या इंधनावर जळली, असे त्यांच्या पाहणीतून पुढे आले. वाहनाला हेच तत्त्व लागू पडते.

६. सांगाडा हाच साक्षीदार

जळालेल्या वाहनाचा अवशेष हा एक प्रकारचा तापमापकच असतो आणि तो वाचण्याचे ज्ञान आपल्या दोन जिल्ह्यांत परंपरेने उपलब्ध आहे. कराडजवळील ओगलेवाडीच्या काच कारखान्यात प्रभाकर कंदिलाच्या काचा घडत. किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत १९१० नंतर बिडाचे ओतकाम उभे राहिले. विटा, खानापूर, आटपाडी या परिसरातील गलाई व्यावसायिक भारतभर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायात आहेत. काच केव्हा वाकते, बीड केव्हा ओतता येते, चांदी केव्हा पाण्यासारखी होते, हे या व्यवसायांतील माणसांना पुस्तकाविना ठाऊक असते.

त्यांच्या नजरेने छायाचित्राकडे पाहिले तर काय दिसते? ॲल्युमिनियम ओघळले आहे, म्हणजे तापमान ६०० अंशांच्या पुढे गेले होते. काच मऊ पडून वाकली आहे, म्हणजे ते ७०० अंशांच्या आसपास वा पुढे गेले होते. परंतु ब्रेकची बिडाची तबकडी जागेवर आहे. बीड सुमारे ११५० अंशांवर वितळू लागते. पोलादी चौकट वाकली आहे, पण वितळलेली नाही. तिला १४०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे प्रत्येक पदार्थाने आपापल्या वितळणबिंदूनुसार वर्तन केले आहे आणि एकूण तापमान पेट्रोल, प्लास्टिक व रबर यांच्या आगीच्या नेहमीच्या मर्यादेत राहिले आहे.

गलाईच्या भट्टीचा दाखला आणखी एका कारणाने उपयुक्त ठरतो. तेथे कोळसा आणि भात्याचा वारा या दोहोंच्या बळावर ९६२ अंशांवर वितळणारी चांदी आणि १०६४ अंशांवर वितळणारे सोने मुशीत रस होऊन जाते. इंधन, वारा आणि वेळ मिळाल्यास साधी आग काय करू शकते, याचे हे शतकानुशतकांचे प्रात्यक्षिक आहे. लाहायनाला ज्या दिवशी आग लागली त्या दिवशी सोसाट्याचा वारा हाच भाता होता.

७. किरणशस्त्राच्या कल्पनेची चिकित्सा

कोणतीही कल्पना केवळ विचित्र आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. ती पुराव्यावर तपासावी लागते. जाहीरपणे ज्ञात असलेली लेझर शस्त्रे काही दशक ते काही शेकडो किलोवॉट क्षमतेची आहेत. पूर्ण पेटलेली एक मोटार ऐन भरात अनेक मेगावॉट म्हणजे हजारो किलोवॉट उष्णता बाहेर टाकते. जी गोष्ट मोटार स्वतः अधिक समर्थपणे करते, तिच्यासाठी आकाशातून दुबळा किरण आणण्याचे प्रयोजन उरत नाही.

याहून गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. पॅराडाइझच्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली. ही आग पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या जुन्या वीजवाहिनीमुळे लागली आणि २०२० मध्ये कंपनीने ८४ व्यक्तींच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात मान्य केला. लाहायनात शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथील तपासात तुटलेल्या वीजतारांनी सकाळी लागलेली आग दुपारी पुन्हा भडकली, असे निष्पन्न झाले. त्या शहराभोवती एके काळी उसाचे मळे होते. साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला आणि पडीक जमिनीवर परदेशी गवत माजले. निगा न राखलेल्या तारा आणि निगा न राखलेली जमीन, ही या शोकांतिकांची कारणे होत. अदृश्य शस्त्राची कथा ज्यांना जाब विचारला पाहिजे त्यांनाच मोकळे सोडते. सत्तेवर संशय घेण्याचा आव आणणारी ही कथा परिणामतः सत्तेच्याच सोयीची ठरते.

८. सातारा-सांगलीच्या संदर्भात

आपल्याकडील वणवे बहुतांशी मानवनिर्मित आहेत. जुने गवत जाळले की नवे चांगले येते हा समज, टाकून दिलेली विडी-सिगारेट, बांधावर पेटवून सोडलेले पाचट ही त्यांची परिचित कारणे आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. परंतु कायद्याचे भय डोंगरापर्यंत क्वचितच पोहोचते. जळणारे क्षेत्रही सामान्य नाही. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीतील पश्चिम घाटात झाला, तर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला.

कासचा फुलांचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस असतो आणि तेव्हा आगीचे भय नसते. परंतु बामणोली, ठोसेघर, महाबळेश्वर यांच्याकडे जाणारी वाहने उन्हाळ्यातही याच रस्त्यांवरून जातात आणि छायाचित्रासाठी रस्त्याच्या कडेला, वाळलेल्या गवतात उभी राहतात. येथे वाहन केवळ आगीचे बळी नसते. ते कारणही होऊ शकते. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण चालू वाहनात कित्येक शंभर अंश तापते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतर बहुतेक डिझेल मोटारींत काजळी गाळणारी यंत्रणा आली असून ती स्वतःला साफ करताना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापते. गुडघाभर वाळलेल्या गवतावर असे वाहन उभे करणे म्हणजे वणव्याला निमंत्रण देणे होय.

ऊसपट्ट्यातही अशीच स्थिती आहे. तोडणीच्या हंगामात फडाच्या कडेला ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या उभ्या असतात, भोवती पाचट पसरलेले असते आणि वरून वीजतारा गेलेल्या असतात. पेटलेल्या पाचटात ऊस टिकेल, पण ट्रॅक्टरचे टायर टिकणार नाहीत. पाचट जाळण्याऐवजी त्याची कुट्टी करून शेतातच आच्छादन करण्याचा जो सल्ला कृषितज्ज्ञ देतात, तो जमिनीच्या सुपीकतेइतकाच आगीपासून संरक्षणासाठीही महत्त्वाचा आहे.

प्राणहानीच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १७ जून २०१७ रोजी पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांदे येथील वणव्यात मरण पावलेल्या ६६ जणांपैकी बहुसंख्य लोक आगीपासून पळताना रस्त्यावर, वाहनांत अथवा वाहनांजवळ मृत्युमुखी पडले. घाटरस्त्यावर धूर दिसल्यास पुढे वाहन न दामटता वेळीच मागे फिरणे, हाच शहाणपणा आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वितळलेले चाक आणि उभे झाड यांत खरी विसंगती नाही. गवताची आग अल्पायुषी असते, झाड पाण्याने भरलेले असते आणि वाहन इंधनाने भरलेले असते. तीच ठिणगी झाडाला केवळ काळवंडते आणि वाहनाला भट्टी बनवते. ‘तापमान किती होते?’ या एका प्रश्नाऐवजी ‘काय जळत होते आणि किती वेळ?’ हे दोन प्रश्न विचारले, तर या वादातील बहुतेक गोंधळ नाहीसा होतो.

आपल्या महाविद्यालयांना येथे कार्य करण्यास वाव आहे. वनखात्याच्या अनुमतीने जानेवारीत डोंगरउतारावरील एक चौरस मीटर गवत कापून, वाळवून, वजन करणे हा पदवीच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारा प्रकल्प आहे. वनस्पतिशास्त्राने गवताची जात ओळखावी, रसायनशास्त्राने उष्मांकमूल्य काढावे, भूगोलाने उतार आणि वाऱ्याची दिशा नोंदवावी, भौतिकशास्त्राने उष्णतेचा हिशेब मांडावा. अशा नोंदी काही वर्षे साठल्या तर रस्त्यालगत जाळरेषा कोठे हवी आणि वाहनतळ कोठे नको, हे ग्रामपंचायतीला आकडे दाखवून सांगता येईल. वर्गात छायाचित्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दिलेले ते उत्तर या लेखापेक्षा अधिक टिकाऊ ठरेल.